कडेची खाच

प्रमिलाताई थूल यांनी कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. इतक्या वर्षांत तसा एकही प्रसंग माझ्या पाहण्यात आला नाही.

नाक्यावर गजानन नावाचा रिक्षावाला होता. एका मे महिन्यात त्याने ताईंना उन्हात उभं ठेवलं आणि मागून आलेलं एक अख्खं कुटुंब आधी रिक्षात भरलं. "तुमी एकल्याच त हा, मांगून येजा," एवढंच तो म्हणाला होता. दुसऱ्या दिवसापासून ताई नाक्यावर आल्या की गजाननची रिक्षा पहिल्या नंबरवर आहे का, ते बघत. असली तर तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहत, ती भरून सुटेपर्यंत थांबत आणि मग मागच्या रिक्षात बसत. कामाला उशीर होऊ नये म्हणून त्या घरून पंधरा मिनिटं आधी निघू लागल्या. हे कित्येक वर्षं चाललं.

"ताई, बसा नं आता," गजानन एकदा म्हणाला. "पोरीचं लगन झालं माह्या, नातू झाला. अजून राग काऊन?"

"राग नाई, गजानन. याद हाय."

बाकीचे रिक्षावाले हसले. एकाने गजाननला सुचवलं, "तू आता दुसरा धंदा पाय लेका, बाई काई बसत नाई." गजाननही हसला, पण जरा कमी.

ताई रागीट नव्हत्या. त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. उंची बेताची, चष्मा दोरीने गळ्यात, नखं दर रविवारी मुळापर्यंत कापलेली. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही. त्या एका दैनिकाचं जिल्हा पान बारकाईने वाचत आणि त्या पानाचं संपादन माझ्याकडे होतं. बातमीत चूक असली की सकाळी माझ्या दाराच्या फटीतून कात्रण आत येई. चुकीखाली शिसपेन्सिलीची एक रेघ, बाकी काही नाही.

नोकरी वर्ध्याबाहेरच्या एका संशोधन संस्थेत, तंत्रज्ञ म्हणून. उंदरांच्या मज्जारज्जूचे काप काढणं, रंगवणं, काचेच्या स्लाइडवर बसवणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणं हे त्यांचं काम. एकदा मी ते पाहायला गेलो होतो. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला मज्जारज्जू यंत्राच्या पात्यासमोर वरखाली होत होता. ताई एका हाताने चाक फिरवत होत्या आणि पात्यावरून मेणाच्या पातळ कापांची एक लांब पट्टी उतरत होती. दुसऱ्या हातातल्या कुंचल्याने त्यांनी ती उचलली आणि कोमट पाण्यावर सोडली. पंखा बंद होता. बोलायचं नाही असं मला आधीच बजावलं होतं. एक नवी विद्यार्थिनी शिंकली आणि पट्टी तुटली. ताईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. नंतर म्हणाल्या, "उद्यापासून शिंक बाहेर ठेवून येजो, बाई."

मोजण्याचा त्यांचा नियम कडक होता. पेशीच्या मधोमध गडद ठिपका दिसला तरच ती पेशी मोजायची. एकच पेशी लागोपाठच्या दोन कापांत येऊ शकते, ठिपका सहसा एकाच कापात सापडतो. म्हणजे तीच पेशी दोनदा मोजली जात नाही. कोणत्या उंदराला औषध दिलंय आणि कोणत्या नाही, हे मोजणाऱ्याला माहीत नसायचं. ती यादी विभागप्रमुखांच्या कपाटात बंद. अर्धवट ठिपक्याबद्दल विद्यार्थी वाद घालत, तेव्हा ताईंचं ठरलेलं वाक्य येई: "दिसलं तं दिसलं. नाई दिसलं तं नाई."

विभागप्रमुखांना सगळे 'बडे सर' म्हणत. विभागातल्या इतर सगळ्या बायका 'मॅडम' होत्या, या 'थूलबाई'.

त्या सगळ्या खटाटोपाचा विषय काय, असं मी एकदा कुंपणापाशी विचारलं. तारेवर त्यांचा दोडक्याचा वेल होता. त्यांनी वेलाचा एक ताणा बोटाने दाखवला. तारेभोवती तो दोनतीन वेटोळे घालून घट्ट बसला होता.

"हे पाहा. तुमच्या कमरेच्या कण्यात एक पेशी हाय. तिचा धागा निघते तो पार पायाच्या अंगठ्यालोक. शेवटाले तो स्नायूले धरून बसते, असा. धरायसाठी तिथं चिकटणारे रेणू असते, पेशीले पेशी धरून ठेवणारे. आता या बिमारीत काय होते, पकड ढिली पडते. धागा मांगं सरकते. मंग काई दिवसानं वरची पेशीच मरते. हुकूम देणारंच कोणी राह्यत नाई. मंग माणसाच्या हातातून खडू पडते."

खडूचा उल्लेख उदाहरण म्हणून नव्हता. त्यांचे थोरले भाऊ आंजी मोठी या गावी शाळेत शिक्षक होते. वर्गात फळ्यावर लिहिताना त्यांच्या हातून खडू पडू लागला, आणि वर्षभरात चालताना पाय ओढू लागले. गाव त्यांना गुरुजी म्हणे, ताई दादा म्हणत. ताई ज्या पेशी मोजत होत्या, त्याच पेशी भावाच्या कण्यात मरत होत्या. हा योगायोग होता. त्या या प्रकल्पावर आधीपासूनच होत्या.

बडे सरांचा प्रयोग असा होता की ती पकड घट्ट करणारं औषध हाच आजार असलेल्या उंदरांना द्यायचं आणि कण्यातल्या पेशी वाचतात का ते पाहायचं. तुलनेसाठी काही निरोगी उंदीर वेगळे ठेवले होते. कल्पना चुकीची नव्हती. ताईच एकदा सरांना आंजीला घेऊन गेल्या. अंगणात खाटेवर बसून सर चहा प्यायले. जाताना गुरुजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, थोडा तग धरा. औषध येतंय." गुरुजींना तेव्हा बोलता येत होतं. त्यांनी ही गोष्ट शाळेत, बसस्टँडवर, दुकानात सगळ्यांना सांगितली.

मग मोजणी झाली आणि यादी उघडून आकडे जुळवले गेले. स्नायूकडची टोकं औषधाने थोडी जास्त टिकलेली दिसत होती. कण्यातल्या पेशी मात्र औषध दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांत सारख्याच मेल्या होत्या. तेवढंच लिहिलं असतं तरी ते खरं होतं आणि कामाचं होतं. ताईंनी तक्ता सरांच्या टेबलावर ठेवला. तीन आठवड्यांनी विभागाच्या साप्ताहिक बैठकीत, सगळ्यांसमोर, सरांनी एक टिपण वाचून दाखवलं: तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे काही स्लाइडींची अदलाबदल झाली असून ती मोजणी रद्द समजावी. नवी मोजणी सर स्वतः दोन विद्यार्थ्यांकडून करवून घेतील. टिपणाची एक प्रत थूलबाईंच्या सेवापुस्तकाला जोडली गेली.

त्या शनिवारी ताई आंजीला गेल्या आणि भावाला सांगितलं की औषध चालत नाही. गुरुजींनी सरांना फोन लावला. सरांनी स्लाइडींचं सांगितलं. फोन ठेवून गुरुजी बहिणीला म्हणाले, "तूच चुकली अशीन, पमे. माणूसच हाय. चूक होते."

ताईंनी मला हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा तेव्हा कसा होता, ते मी लिहिणार नाही. त्या पुढे म्हणाल्या, "सेवापुस्तकाचं जाऊ द्या. माह्या दादानं त्याच्यावर इश्वास ठेवला, माह्यावर नाई. आता दादाले मी दुसऱ्यांदा सांगणार नाई. ज्यानं खोटं सांगतलं, तोच सांगन."

पुढचे काही महिने त्या नेहमीसारख्या कामाला जात राहिल्या. सरांना गुड मॉर्निंग म्हणत राहिल्या. पोळ्याच्या आधी सरांचा शोधनिबंध एका परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यात दोन छायाचित्रं होती. एकात औषध न दिलेल्या उंदराचा मज्जारज्जू, ओसाड. दुसऱ्यात औषध दिलेल्याचा, पेशींनी भरलेला. विभागात पेढे वाटले गेले. ताईंनी पेढा घेतला, निबंध उघडला आणि दुसरं छायाचित्र चष्मा वर करून पाहिलं. पेढा त्यांनी डब्यात ठेवला.

त्यांनी काय पाहिलं, ते समजायला त्यांची एक सवय सांगावी लागेल. मज्जारज्जूची डावी आणि उजवी बाजू मेणात गेल्यावर सारखी दिसते. म्हणून मेणात बसवण्याआधी कडेला पात्याने एक बारीक खाच मारतात. ही पद्धत जुनीच. ताईंच्या हातून फार पूर्वी एकदा एका बाटलीवरचा आकडा रसायनाने पुसला गेला होता. तेव्हापासून त्या प्रत्येक उंदरासाठी खाच बदलत: कुणाला पुढच्या कडेला एक, कुणाला मागे दोन, कुणाला एक खोल आणि एक उथळ. कोणत्या उंदराला कोणती खाच, ते स्वतःच्या एका नोंदवहीत लिहून ठेवत. स्लाइडवरची चिठ्ठी काढून दुसरी चिकटवता येते. मांसात मारलेली खाच प्रत्येक कापात उतरते.

छापलेल्या छायाचित्रात, पेशींच्या गर्दीपासून दूर, अगदी कडेला, मागे दोन खाचा होत्या. तो औषध दिलेला उंदीर नव्हताच. नोंदवहीप्रमाणे तो तुलनेसाठी वेगळा ठेवलेला, आजारच नसलेला निरोगी उंदीर होता.

त्याच दिवशी त्यांना तक्रार करता आली असती. त्यांनी केली नाही. आठवडाभराने सरांच्या खोलीत जाऊन त्या म्हणाल्या, "सर, हा फोटो मोठा करून पॅसेजमध्ये लावा नं. येणाऱ्याजाणाऱ्याले दिसन." सर खूश झाले. थूलबाईंना अखेर शहाणपण सुचलं, असं त्यांनी कुणाला तरी म्हटलंही. छायाचित्र दाराएवढं करून, काचेच्या चौकटीत बसवून मार्गिकेत लावलं गेलं. सर ते भाषणांत पडद्यावर दाखवू लागले. नागपूरला दाखवलं, आणखी दोन शहरांत दाखवलं. रुग्णांच्या नातेवाइकांसमोर दाखवलं.

मी त्यांना विचारलं की वाट कशाची पाहताय.

"जितका मोठा करन तितकी खाच मोठी दिसते," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना मी क्वचितच हसताना पाहिलं होतं. मला ते हसू आवडलं, हेही नोंदवतो.

दर रविवारी त्या आंजीला जात. गुरुजींचा आवाज त्याच महिन्यांत घोगरा झाला, मग अस्पष्ट, मग गेला.

जानेवारीत ताईंनी संस्थेच्या संचालकांना एका वाक्याचा अर्ज दिला: छापलेली छायाचित्रं, सरांच्या कपाटातली यादी, माझी नोंदवही आणि मेणाचे मूळ ठोकळे एका टेबलावर ठेवावेत. बाहेरच्या तिघांची समिती नेमली गेली. तिच्या बैठकीचं इतिवृत्त मी वाचलं आहे. समितीने स्वतः निवडलेले ठोकळे ताईंनी समोर बसून पुन्हा कापले. प्रत्येक कापातली खाच नोंदवहीशी जुळली. ताईंच्या जुन्या स्लाइडीही जुळल्या. जुळली नाहीत ती फक्त सरांची छायाचित्रं.

"या खाचांबद्दल तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं?" एका सदस्याने विचारलं.

"कोणी विचारलं नाही, सर."

"विभागप्रमुखांनाही माहीत नव्हतं? इतकी वर्षं स्लाइडी बघून?"

"सर पेशी पाहत. कडेचं काम माझ्याकडे होतं."

सरांनी आधी दोन विद्यार्थ्यांवर ढकलून पाहिलं. ते दोघंही चिठ्ठ्या कुणाच्या सांगण्यावरून बदलल्या, ते लेखी देऊन मोकळे झाले. निबंध मागे घेतला गेला. दाराएवढी चौकट दोन माणसांनी उतरवली, तेव्हा ताई चाकापाशी बसून काम करत होत्या. उठून पाहायला गेल्या नाहीत, पण दार उघडं ठेवलं होतं.

संचालकांनी त्यांना बोलावलं. सेवापुस्तकातला शेरा काढू, माफीचं पत्र देऊ, प्रकरण इथेच मिटवू, असं म्हणाले. सरांना मुदतीआधी निवृत्ती घेऊ देण्याचं ठरत होतं. त्याला ताईंनी हरकत घेऊ नये, अशी त्यांची इच्छा होती.

"घेऊ द्या निवृत्ती," ताई म्हणाल्या. "पत्र नको मला. त्यांनी माझ्या भावाला तोंडाने सांगितलं होतं. तोंडानेच सांगावं. आंजीला येऊन."

बातमी करायची नाही या अटीवर मला साक्षीला बोलावलं होतं. तेव्हा मी बातमी केली नाही.

रविवारी सर भाड्याच्या गाडीने आले. त्यांनी दाढी केली नव्हती. गुरुजी आतल्या खोलीत खाटेवर होते, पाठीला तीन उशा. हातपाय गेले होते, जीभ गेली होती. डोळे आणि ओठ हलत होते. वहिनी उशाशी उभ्या होत्या. सरांना पाहून गुरुजींचे डोळे उजळले. आम्ही सगळ्यांनीच ते पाहिलं. औषध घेऊन सर आले, असं त्यांना वाटलं असावं.

"जय भीम, गुरुजी," सर म्हणाले. बसायला खुर्ची होती. ताईंनी ती त्यांच्याकडे सरकवली नाही.

सर उभ्यानेच बोलले. "गुरुजी, स्लाइडी बदलल्या नव्हत्या. प्रमिलाबाईंची मोजणी बरोबर होती. चूक माझी होती."

"चूक?" ताई म्हणाल्या.

सरांनी खाली पाहिलं. "चिठ्ठ्या मी बदलवल्या."

"आता औषधाचं सांगा."

"बाई, ते कशाला आता... त्यांची अवस्था..."

"सांगा."

"औषधाने पेशी वाचत नाहीत, गुरुजी," सर म्हणाले.

गुरुजींनी डोळे मिटले. सर बाहेर गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ताईंनी पदराने चष्मा पुसला. मला त्या क्षणी त्यांचं अभिनंदन करावंसं वाटलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "तुमाले कवापासून माहीत होतं, बाई?"

ताईंना खोटं बोलता येत नसे. "फोटो छापून आला तवापासून."

"म्हंजे पोळ्याच्या आंधीपासून." वहिनींनी आवाज चढवला नाही. "तवा बोलत होते हे. रोज मले इचारत, औषध कवा येते वं, पमीले इचार. तुमी दर रविवारी इथंच बसून होत्या."

"मी सांगतलं होतं एकदा. दादानं आयकलं नाई."

"फोटो दाखवून आयकलं असतं. मास्तर होते ते. तवा दोन शब्द तरी बोलले असते तुमच्यासंगं. आता काय बोलन? त्या माणसाले खाली पाह्यला लावाचं होतं तुमाले, एवढंच."

ताई उठल्या. जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी चुलीवरची पातळ खिचडी वाटीत घेतली, फुंकर घालून निववली, भावाच्या शेजारी बसल्या आणि चमचा त्याच्या तोंडाशी नेला. रविवारचं भरवणं त्यांच्याकडेच असे.

गुरुजींनी डोळे उघडून बहिणीकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

"दादा, आ कर."

ओठ मिटलेलेच राहिले. आजाराने ते मिटले असतील, असं मला क्षणभर वाटलं. वहिनींनी त्याच वाटीतला एक घास आपल्या हाताने पुढे केला, तेव्हा ते उघडले. घास गिळला. ताईंचा चमचा पुन्हा पुढे आला, आणि ओठ पुन्हा मिटले. डोळे बहिणीवरच होते.

"नको करू असं," ताई हळू म्हणाल्या. "दादा. पमी हाय मी."

माझी वर्ध्याची बस यायची वेळ झाली होती. कुणाचा निरोप घेण्यासारखं नव्हतं. अंगणातून वळून पाहिलं तेव्हा वहिनी बाहेर निघून आल्या होत्या. ताई खाटेच्या कडेला बसून होत्या आणि त्यांचा चमचा भावाच्या मिटलेल्या ओठांपाशी तसाच धरलेला होता.